पिकवणाऱ्याचा शिधा

(सालेकसा येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते प्राथमिक शाळेत शिकवत. 1995 नंतर काही वर्षे शाळेत शिजवलेले अन्न मिळत नसे. ज्याची हजेरी भरली त्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळे. पोती उतरवून घेणे, हजेरीपट पाहणे, तराजूने मोजून पोराच्या पिशवीत ओतणे, हे सारे शिक्षकच करीत. तेव्हा गुरुजींच्या नावाच्या व्यासपीठावर रेशन हा विषय परका नाही.

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्यातला धानाचा तालुका. दरेकसाच्या डोंगरापासून वाघ नदीच्या काठापर्यंत जिथे सपाटी सापडली तिथे बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, पडली आहे. तरीही याच गावांतली माणसे दर महिन्याला पिशवी घेऊन स्वस्त धान्य दुकानासमोर उभी राहतात. बाहेरून आलेला माणूस विचारतो, ‘तुमच्याकडे तर तांदूळच पिकतो, मग रेशनचा तांदूळ कशाला?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या प्रश्नाखाली एक जुना समज आहे. जो पिकवतो त्याच्या घरात असतेच, हा तो समज. त्यापायी या देशात माणसे उपाशी मेली आहेत, आणि तो सोडायला रेशनच्या व्यवस्थेला पन्नास वर्षे लागली. आज मला त्याविषयी बोलायचे आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली, आणि पुढे विठोबाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन रक्कम भरली. मराठी मनाला ही कथा फार प्रिय आहे. पण कोणाला किती पायली धान्य मिळाले, ते त्या कथेत कोणी विचारत नाही. दानाला माप लागत नाही. धान्य मोजके, खाणारे जास्त, आणि तरीही सगळे जगले पाहिजेत, अशी वेळ आली की माप लागते. इतक्या माणसांना, इतक्या दिवसांसाठी, इतके, असे ठरवावे लागते. तिथून रेशन सुरू होते. आणि तिथूनच भांडणही सुरू होते, कारण ते माप कोणीतरी ठरवतो, कशावरून तरी ठरवतो, आणि ठरवताना काही माणसे मोजतो, काही मोजत नाही.

याचे सर्वांत कठोर उदाहरण ज्या माणसाच्या नावावर आहे तो या मुलखाला अनोळखी नव्हता. सर रिचर्ड टेंपल 1860 च्या दशकात नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते, म्हणजे आपला त्या वेळचा भंडारा जिल्हा त्यांच्याच अमलात होता. 1874 मध्ये बिहार-बंगालमध्ये टंचाई आली तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला. माणसे वाचली. पण खर्च फार केला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तीनच वर्षांत दख्खन आणि मद्रास इलाखा दुष्काळात होरपळू लागला आणि पाहणीसाठी पुन्हा टेंपलच आले. या वेळी त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जरासे पैसे, एवढेच माप ठरवले. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्यावर काम करणारा माणूस खंगत जातो, असे ठासून सांगितले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने निवेदने लिहिली. मुंबई इलाख्यात हजारो मजूर नव्या मजुरीवर काम करायला नकार देऊन कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी मापावरून केलेला तो संप आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

माणूस तोच, तांदूळही तोच. पहिल्या वेळी किती जणांना वाचवायचे ते आधी ठरले आणि खर्च मागून आला. दुसऱ्या वेळी खर्च आधी ठरला आणि माणसे मागून आली. रेशनचे कोणतेही माप हाती आले की त्यात यांपैकी काय आधी ठरले होते ते पाहावे, अशी सवय मला या प्रकरणाने लावली.

आज आपण ज्याला रेशनिंग म्हणतो ते दुसऱ्या महायुद्धात आले. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ थांबला, भाव चढले. मे 1943 मध्ये मुंबई शहरात कार्डावर धान्य देणे सुरू झाले. त्याच वर्षी केंद्राने नेमलेल्या ग्रेगरी समितीने लाखावर वस्तीच्या शहरांत रेशनिंग करावे आणि माणशी रोज एक पौंड धान्य द्यावे, अशी शिफारस केली. आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे मेली. सरकारी चौकशी आयोगाने हा आकडा सुमारे 15 लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी 30 लाखांपर्यंत नेला. मेले कोण? कलकत्त्याच्या गिरण्या-कचेऱ्यांतल्या नोकरदारांसाठी मालकांनी आणि सरकारने स्वस्त धान्याची सोय केली होती. ते तगले. मेले ते खेड्यातले शेतमजूर, कोळी, कारागीर. भातशेतीच्या ऐन मुलखात, भाताची रोवणी-कापणी करणारे हात मेले. अमर्त्य सेन यांनी पुढे आकडे मांडून दाखवले की प्रश्न नुसता पिकाचा नव्हता, मजुराच्या हातातल्या पैशाला तांदूळ परवडेनासा झाला होता.

आपला मध्य प्रांत त्या वेळी तांदूळ बाहेर पाठवणारा प्रांत होता. सरकारच्या हिशेबात अशी गावे म्हणजे जिथून धान्य उचलायचे ती जागा, आणि शहर म्हणजे जिथे वाटायचे ती जागा. गावातही खाणारे असतात, त्यांतल्या अनेकांची स्वतःची बांधी नसते, आणि ज्यांची असते त्यांचीही धान साठवायची ढोली वर्षभर भरलेली राहत नाही, याला त्या वहीत रकानाच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे उठली, परत आली, पुन्हा सैल झाली. तो सगळा इतिहास आज सांगत बसत नाही. 1965 मात्र सांगितले पाहिजे. त्या वर्षी अन्न महामंडळ स्थापन झाले आणि प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली कृषी मूल्य आयोग आला. ठरल्या भावाने विकत घ्यायचे आणि ठरल्या भावाने वाटायचे, अशी दोन टोके जोडली गेली. शेतकरी या व्यवस्थेत आला तो विकणारा म्हणून. खाणारा म्हणून अजून नव्हे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या खेड्यांनी रेशन जवळून पाहिले. कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या ते आजही त्यांची चव सांगतात. पण ती संकटातली सोय होती. दुर्गम आणि आदिवासी भागांकडे रेशनने नेमाने वळावे म्हणून देशातल्या सुमारे 1,775 विकासगटांसाठी वेगळी योजना आली ती 1992 मध्ये. मुंबईत पहिले कार्ड निघाले त्याला तेव्हा एकोणपन्नास वर्षे झाली होती.

पुढे 1997 मध्ये दारिद्र्यरेषेवर कुटुंबांची विभागणी झाली. 1 मे 1999 हा दिवस आपल्या लक्षात आहे तो भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला म्हणून. महाराष्ट्रात पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या शिधापत्रिका सुरू झाल्या त्याही त्याच दिवसापासून. आपला जिल्हा आणि कार्डाचा रंग एकाच वयाचे आहेत. 2013 मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला, आणि 2014 च्या फेब्रुवारीपासून तो राज्यात लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये. जानेवारी 2023 पासून तेवढेही पैसे घेत नाहीत. धान्य मिळाले नाही तर त्याबदली भत्ता मागण्याची तरतूद याच कायद्यात आहे. घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या बाईचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून कार्डावर असावे, हेही याच कायद्याने सांगितले.

आता आपल्या बांधीत येऊ. हलके धान दिवाळीच्या आधी हाती येते. सण तोंडावर, रोवणीला घेतलेली उसनवारी डोक्यावर, आणि आधारभूत खरेदी केंद्र अजून उघडलेले नसते. मग ते धान मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याकडे जाते. भारी धान चुरून झाल्यावर आदिवासी विकास महामंडळाच्या किंवा मार्केटिंग फेडरेशनच्या केंद्रावर नेतात. तिथे सातबारा, नोंदणी, बारदाना, काट्यावरचा नंबर. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. ते धान गिरणीत भरडाईला जाते. सरकारी हिशेबाने एक क्विंटल धानाचा 67 किलो तांदूळ परत यायचा. तो गोदामात जातो, गोदामातून दुकानात, दुकानातून पिशवीत. म्हणजे तुमच्या बांधीतून गेलेले धान तुमच्याच ताटात परत येऊ शकते. मधल्या वाटेत पैसा, काळ आणि प्रत बदललेली असते.

काळाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कार्तिकात घरात धान असते. आषाढ-श्रावणात, म्हणजे चिखलात उभे राहून रोवणी करायच्या दिवसांत, अंगाला सर्वांत जास्त अन्न लागते आणि ढोली तळाला गेलेली असते. हे काही नवे नाही. 1978 मध्ये राज्याने आदिवासींसाठी खावटी कर्ज सुरू केले ते याच महिन्यांसाठी. त्याआधी हे महिने सावकाराचे होते. एक पायली घ्यायची आणि सुगीला दीड-दोन पायली भरायची. कार्तिकातले अन्न श्रावणापर्यंत पोहोचवण्याचे काम रेशन करते, आणि त्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. पिकवणाऱ्याला रेशन कशाला, याचे माझे उत्तर हे आहे.

पण पुरते किती? पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला पंचवीस किलो मिळतात. अंगमेहनतीच्या घरात रोज दोन किलो तांदूळ शिजतो असे धरले, आणि आपल्या भागात हा अंदाज चढा नाही, तर ते धान्य बारा-तेरा दिवस जाते. माणशी रोजचे माप निघते सुमारे 167 ग्रॅम. टेंपलचे साडेचारशे होते. ही तुलना सरळ लावणे अन्यायाचे होईल. त्या मजुराकडे दुसरे काहीच नव्हते. आज बांधी आहे, मजुरी आहे, मोह आणि तेंदूपत्ता आहे, शाळेत पोरांचे जेवण आहे. तरीही पाच किलो हा आकडा कोणाच्या भुकेवरून काढलेला नाही. सरकार किती धान्य खरेदी करू शकते आणि किती अनुदान सोसू शकते, यावरून तो निघाला. खर्च आधी आणि माणसे मागून, हीच रीत.

एक वाक्य दर रोवणीला ऐकू येते. ‘फुकटचा तांदूळ मिळायला लागल्यापासून मजूर मिळत नाहीत.’ बोलणारा बहुतेक वेळा आपलाच दोन-तीन एकरांचा शेतकरी असतो आणि त्याची अडचण खरी असते. रोवणीचा खर्च दरवर्षी चढतो आहे. तरी मी त्याला विचारीन की महिन्याच्या बारा दिवसांच्या भातावर कोणते घर बसून राहील? तेल, मीठ, डाळ, औषध, पोराची वही, यांतले काहीही तांदळाने मिळत नाही. बदल झाला आहे, तो वेगळा आहे. घरात बारा-तेरा दिवसांचा तांदूळ असला की बाई कमी मजुरीला नाही म्हणू शकते. पूर्वी श्रावणात तिला नाही म्हणता येत नसे. रेशनने तिच्या हाती ही एवढी ताकद दिली आहे, आणि ती काढून घ्यावी असे या सभेत कोणी म्हणणार नाही याची मला खात्री आहे. रोवणीचा खर्च वाढला असेल तर त्याचे उत्तर धानाच्या भावात शोधावे लागेल.

भावाचे बोलायचे तर सालेकसाच्या माणसाला दूर पाहावे लागत नाही. गाडीत बसून दरेकसाचा बोगदा ओलांडला की छत्तीसगड. तिथे 2023 पासून सरकार एकरी 21 क्विंटलपर्यंत धान 3,100 रुपये क्विंटलने घेते. आपल्याकडे भाव आधारभूतच राहतो, त्यावर हेक्टरी प्रोत्साहन रक्कम दोन हेक्टरांच्या मर्यादेत मिळते. म्हणून सीमेवर धानाच्या गाड्या अडवण्यासाठी नाके लागतात. छत्तीसगडने देशाच्या आधी, डिसेंबर 2012 मध्ये, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला होता. त्यात कुटुंबाला पस्तीस किलो धान्य होते, सोबत स्वस्त चणा किंवा डाळ आणि मोफत मीठ होते. त्याहीआधी 2004 मध्ये त्यांनी दुकाने खाजगी माणसांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिली. डोंगर एक, जंगल एक, पलीकडचे गोंड आणि हलबी आपलेच सोयरे. ते ज्याला हक्काचे म्हणून घेतात ते अलीकडच्याला का मिळू नये, हा प्रश्न मुंबईपेक्षा सालेकसाने जास्त जोरात विचारला पाहिजे.

प्रतीचाही प्रश्न आहेच. सरकारी निकषातच साध्या तांदळात 25 टक्क्यांपर्यंत कणी चालते. 2020 मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांत केंद्राच्या पथकाने गोदामांतले आणि दुकानांतले नमुने तपासले, तेव्हा माणसांनी खाण्याच्या लायकीचा नसलेला तांदूळ सापडला. असा तांदूळ हाती आला की घरची बाई तो दारावर येणाऱ्याला कमी भावात विकते आणि त्या पैशांत तेल घेते. मग तोच तांदूळ गिरणीच्या वाटेने नव्या पोत्यात शिरून परत येण्याचा धोका राहतो. चोरी म्हणून सर्वांत आधी त्या बाईकडे बोट दाखवणे मला पटत नाही. तिच्या पिशवीत काय पडले ते आधी पाहा. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. रेशनच्या तांदळात शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घातलेला असू शकतो. तो प्लास्टिकचा नाही, निवडून फेकू नका. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर मात्र आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा.

आता शेवटचा आणि मला सर्वांत जास्त छळणारा मुद्दा. मोजले कोणाला जाते? कायद्याने ग्रामीण महाराष्ट्रातले 76.32 टक्के आणि शहरी महाराष्ट्रातले 45.34 टक्के लोक धरले. ही टक्केवारी लावली 2011 च्या जनगणनेवर. त्यातून राज्याला सुमारे सात कोटी माणसांचा कोटा मिळाला आणि तो तिथेच थांबला. 2021 ची जनगणना झालीच नाही. जाँ द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी 2020 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा गोठलेल्या आकड्यामुळे देशभरात सुमारे दहा कोटी माणसे बाहेर राहिल्याचे दिसले. आपल्या गावात याचा अर्थ असा की 2011 नंतर जन्मलेले पोर आज आठवी-नववीत आहे आणि कार्डावर त्याचे नाव चढवायला कोटा रिकामा होण्याची वाट पाहावी लागते. भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या, कार्ड एकच. त्यात ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 44,000 रुपये आहे. अख्ख्या घराचे दिवसाला 120 रुपये. एवढ्यात राहणारे घर आणि याहून थोडे वर असलेले घर यांच्या भुकेत काय फरक असतो, ते मला कोणी समजावून सांगावे.

शिवाय धान्य घेताना यंत्रावर द्यायचा अंगठा आहे. रोवणी करून, बांबू फोडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. डोंगराकडच्या गावांत नेटवर्क नसले की दुकानदारालाही काही करता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून एका कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य उचलण्याची सोय सुरू झाली आणि आता ती देशभर आहे. धान निघाल्यावर कामाला बाहेर जाणाऱ्या पोरांना ती ठाऊक असेल तर उपयोगी आहे. गावी राहिलेले आई-बाप आपल्या वाट्याचे इथे उचलू शकतात आणि पोरगा त्याच्या वाट्याचे तिथे.

कायद्याने दुकानपातळीपासून दक्षता समित्या सांगितल्या आहेत आणि सामाजिक लेखापरीक्षण सांगितले आहे. जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग आहे. आपल्या गावच्या समितीत कोण आहेत, ते किती जणांना सांगता येईल? येत्या ग्रामसभेत तीन कागद मागा. कार्डधारकांची यादी, महिन्याला आलेल्या धान्याची नोंद, आणि नाव चढवण्यासाठी तहसीलमध्ये पडून असलेल्या अर्जांची यादी. तिन्ही मोठ्याने वाचून घ्या. ज्या घराचे नाव राहिले आहे त्या घराच्या माणसाला उभे करून इतिवृत्तात नोंद करा.

नवी जनगणना 1 मार्च 2027 ही तारीख धरून होणार आहे आणि माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीत. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे धान विकून झालेले असते आणि हातपाय धड असलेली निम्मी माणसे बाहेर असतात. ज्या आकड्यांवर पुढची कित्येक वर्षे धान्य मिळणार ते आपली माणसे गावात नसताना मोजले जाणार आहेत. म्हणून कोणत्या घरातले कोण कुठे गेले आहे याची पाड्यावार यादी ग्रामपंचायतीने जानेवारीतच करावी, बाहेर असलेल्यांना तिथल्या मोजणीत नाव द्यायला फोनवर सांगावे, आणि गणक दारात येईल तेव्हा घरात राहिलेल्या म्हाताऱ्याजवळ कोणीतरी बसलेले असावे. हे काम सालेकसाच्या कॉलेजातली मुले करू शकतात, आणि या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी ते हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे.